कात्रणाची मागची बाजू

डिसेंबर २०१९ मधली दुपार. शाळा सुटून अर्धा तास झाला होता आणि मी सातवीच्या इतिहासाच्या वह्या तपासत स्टाफरूममध्ये एकटाच बसलो होतो. शिपाई एका बाईंना घेऊन आत आला. हेडमास्तर बाहेर गेले आहेत, तुम्हीच बघा, म्हणाला. बाई पंचावन्नच्या आसपासच्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कल्याणात जन्मलेल्या, लग्न होऊन मुंब्र्याला गेलेल्या. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी. जनरल रजिस्टरातला आपल्या नावाचा उतारा त्यांना हवा होता.

ते दिवस वाचकांना आठवत असतील. नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती त्याच महिन्यात संसदेत मंजूर झाली होती, एनआरसी येणार की नाही यावर रोज चर्चा चालली होती, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतून माणसे कपाटे उपसून कागद शोधत होती. कुणाच्या जन्मदाखल्यावर शेख तर आधारकार्डावर शैख. एकाच बापाचे नाव थोरल्याच्या दाखल्यात मोहम्मद आणि धाकट्याच्या दाखल्यात महंमद. एरवी असल्या चुकांवर आम्ही हसत होतो. त्या हिवाळ्यात कुणी हसत नव्हते.

खालांना द्यायला आमच्याकडे काही नव्हते. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या कपाटाचे खालचे खण पाण्यात बुडाले होते. त्यातली रजिस्टरे नंतर उन्हात वाळवली, पण पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. त्या विटा अजून आहेत. टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. मी हे सांगितले तेव्हा खाला थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी डबा उघडला. निकाहनाम्याच्या घडीत एक कात्रण होते.

"हे चालेल का, सर?"

कात्रण एका कॉलमाच्या रुंदीचे, वीतभर लांब, चहा सांडल्यासारख्या रंगाचे. कल्याण येथील उर्दू शाळेचा बक्षीस समारंभ पार पडला, सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत यश मिळवलेल्या चार मुलींचा सत्कार करण्यात आला, अशी बातमी. पुढे चौघींची नावे, बापाच्या नावासकट. तिसरे नाव खालांचे. त्या नावातले एक अक्षर मात्र डोके खाली आणि पाय वर असे छापलेले होते.

अब्बांनी कापून ठेवले होते, त्या म्हणाल्या. फार बेताने कापले होते. बातमीच्या बाहेरचा एक शब्द आत येऊ दिला नव्हता. त्यामुळे पेपराचे नाव गेले होते आणि तारीखही गेली होती. अब्बांना ती कापताना कशाला लागणार होती? त्यांना कोणता पेपर आणि कोणता दिवस हे ठाऊकच होते.

बी.एड.ला इतिहासाच्या अध्यापनात साधनांची चिकित्सा हा एक घटक होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. त्या दुपारी तो आठवला. मी कात्रण उलटे केले. मागे सिनेमाच्या जाहिरातीचा उभा तुकडा होता, 'मुकद्दर का सिकंदर'ची शेवटची अक्षरे दिसत होती. हा चित्रपट ऑक्टोबर १९७८ मध्ये लागला. म्हणजे कात्रण त्याच्या आधीचे नाही. जाहिरातीखाली 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' एवढेच उरलेली एक नोटीस. ते तमाम लोक कोण आणि त्यांना काय कळवायचे होते, ते अब्बांच्या कात्रीने नेले होते.

पेपर कोणता, हे शोधून काढायचे मी कबूल केले. वाटले, आठ दिवसांचे काम आहे.

ठाणे-कल्याणच्या वर्तमानपत्रांची कुंडली रेल्वेने मांडली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत धावू लागली. मुंबईहून ठाणे ३४ किलोमीटर आणि कल्याण ५४. मराठीतले पहिले वर्तमानपत्र म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली मुंबईत निघाले. पुढची बहुतेक मोठी पत्रे मुंबईत आणि पुण्यात निघाली. मुंबईत पहाटे छापलेला पेपर पहिल्या लोकलने ठाण्यात, थोड्या वेळाने कल्याणात. दारात मुंबईचा ताजा पेपर पडत असताना ठाण्याने स्वतःचा कशाला काढावा?

तरीही ठाण्याने काढला. १८६६ साली 'अरुणोदय' हे साप्ताहिक ठाण्याहून निघाले, नंतर 'हिंदुपंच' आले. लोकमान्यांचा 'केसरी' १८८१ चा, म्हणजे ठाण्याचे 'अरुणोदय' त्याच्याहून पंधरा वर्षांनी वडील. १९०८ च्या सुमारास राजद्रोहाच्या खटल्यांची झळ ठाण्याच्या पत्रांनाही लागली, एवढे त्यांचे वजन होते. पण ही सारी साप्ताहिके. रोजची बातमी गाडीने येत होती. तिच्यावर टीका करायला आठवड्याची सवड पुरत होती. गावाला स्वतःचे दैनिक हवे तर गावात रोज घडणारे आणि मुंबईला न कळणारे असे काहीतरी पाहिजे. ते नंतर आले. फाळणीनंतर निर्वासित आले, कारखाने आले, गिरणगावातून आणि कोकणातून माणसे आली, चाळींवर चाळी उठल्या, नळाला पाणी पुरेना. ठाण्यात १ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका झाली, कल्याण-डोंबिवलीत बरोबर वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ ला. पाणी किती वाजता येणार, रॉकेल कोणत्या दुकानात आले, कोणत्या वॉर्डात गटार तुंबले, ही गावच्या दैनिकाची शिदोरी. ठाण्यात 'सन्मित्र', नरेंद्र बल्लाळांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेले 'ठाणेवैभव', ही नावे त्या काळात घरोघर पोहोचलेली. बल्लाळ मुलांसाठी लिहिणारे साहित्यिक म्हणूनही लोकांना माहीत होते. 'ठाणेवैभव' आजही निघते, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर माझे पुढचे रडगाणे खोटे ठरेल. कल्याण आणि डोंबिवलीत मात्र कितीतरी लहान पत्रे निघाली आणि मिटली. काही वर्षभर चालली, काही निवडणुकीपुरती.

आमच्यासारख्या घरांत दोन पेपर येत. एक उर्दू, मुंबईचा. बहुधा 'इन्किलाब', अब्दुल हमीद अन्सारींनी १९३८ साली सुरू केलेला. त्यात फिलिस्तीन होते, दिल्ली होती, शायरी होती, शुक्रवारची पुरवणी होती. कल्याणचा दूधनाका त्यात क्वचितच असायचा. दूधनाका सापडायचा तो चार पानी मराठी पेपरात. आजोबांना मराठी वाचता येत होते, लिहिता येत नव्हते. ते उर्दू पेपर चहाबरोबर वाचत आणि मराठी पेपर नळाच्या वेळेसाठी. आमच्या मोहल्ल्याचा रोजचा इतिहास उर्दूत लिहिला गेलाच नाही, तो मराठीत लिहिला गेला. तोही अशा लोकांनी लिहिला ज्यांना आमच्या नावांचे उच्चार येत नव्हते. आम्ही उर्दू शाळेत मुलांना 'देहली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर शिकवतो, १८५७ मध्ये इंग्रजांनी त्यांना मारले ते सांगतो. ते सांगायलाच हवे. पण त्याच मुलाच्या आजीचे नाव ज्या पेपरात आले होते तो कोणता, हे सांगायला आमच्याकडे पुस्तक नाही.

हे पेपर संत नव्हते. बिल्डरांच्या जाहिराती घेऊन बिल्डरांविरुद्धच्या बातम्या गाळणारे होते, नगरसेवकांच्या वाढदिवसांवर जगणारे होते. तणावाच्या दिवसांत आमच्या वस्तीबद्दल ऐकीव मजकूर छापणारेही होते. १९८४ मध्ये भिवंडीत दंगल पेटून ठाणे-कल्याणपर्यंत पोहोचली तेव्हाचे किस्से घरात अजून निघतात. पण एक सोय होती. संपादकाचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते. चुकीचे छापले तर दुसऱ्या दिवशी चार माणसे त्याच्या ओटीवर जाऊन बसत. तो चहा पाजे, कुरकुरत खुलासा छापे. आणि पुढच्या आठवड्यात त्याच पानावर उर्दू शाळेचा बक्षीस समारंभ येई, चार मुलींच्या नावांसकट. मोठ्या पेपरात आम्ही समाज म्हणून येतो. गावच्या पेपरात आम्ही नावानिशी येत होतो. अक्षर उलटे पडले तरी.

त्या उलट्या अक्षरापाशीच मला पहिली वाट सापडली.

आमच्या शाळेची रजिस्टरे बांधणारे एक जिल्दसाज आहेत. त्यांना कात्रण दाखवले. त्यांनी कागद उजेडात धरला, मागून बोट फिरवले आणि म्हणाले, "हे खिळ्यांचं आहे. दाब लागलाय बघा." खरोखर, अक्षरांचे उठाव मागच्या बाजूला बोटाला लागत होते. ऑफसेटला तसे लागत नाहीत. त्यांच्या ओळखीने जानेवारी २०२० मध्ये मी ठाण्यात एका निवृत्त कंपोझिटरांच्या घरी गेलो. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांनी भिंग मागवले.

खिळे जुळवण्याचे काम त्यांनी मला जेवणाच्या ताटावर दाखवले. समोर लाकडी केस, तिच्यात अक्षरागणिक खण. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तिच्यात उभा करायचा. इंग्रजीला थोडे खण पुरतात. मराठीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, रफार धरून शेकडो. हात आपोआप खणाकडे जातो, डोळे कॉपीवर असतात. स्टिकमधली ओळ डावीकडून उजवीकडेच असते, पण अक्षरे डोक्यावर उभी. कंपोझिटर आयुष्यभर उलटे वाचतो. मी म्हटले, काका, मी उजवीकडून डावीकडे वाचतो. ते हसले. "मग आपण दोघं मिळून सरळ वाचू."

खिळा धरायच्या बाजूला एक खाच असते. ती बोटाला लागली की अक्षर कोणत्या अंगाने आहे ते न बघता कळते. रात्री साडेबारा-एकला, झोप आलेली असताना, बोट खाच चुकते आणि खिळा उलटा बसतो. प्रूफ वाचणारा तो पकडतो. पण लहान पेपरात प्रूफ वाचणाराही तोच, आणि कधी कधी संपादकही तोच.

त्यांच्याकडून कळलेली दुसरी गोष्ट मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. गावच्या प्रेसकडे टाइप कमी असत. चार पानांचा मजकूर एकदम उभा करता येईल एवढे खिळे विकत घ्यायची ऐपत नसे. म्हणून आतली पाने संध्याकाळी छापून घेत, लगेच ती मोडत, खिळे पुन्हा खणांत टाकत, आणि त्याच खिळ्यांनी रात्री पहिले पान जुळवत. बक्षीस समारंभाची बातमी ज्या 'क' आणि 'म' ने छापली, त्यांनीच चार तासांनी दिल्लीची बातमी छापली. फोटोचा ब्लॉक जस्ताचा, मुंबईहून करून आणायचा, तो लोकलने येई. एकदा आलेला पुढाऱ्याचा ब्लॉक जपून ठेवत आणि वर्षानुवर्षे वापरत, त्यामुळे पेपरात पुढारी म्हातारे होत नसत.

कात्रण त्यांनी बराच वेळ पाहिले. एका ठिकाणी मात्रेचे टोक तुटलेले होते, दुसऱ्या ठिकाणीही तशीच. "हा टाइप मी ओळखतो," ते म्हणाले. प्रेसचे नाव सांगितले. माझा आनंद फार टिकला नाही. त्या प्रेसमध्ये एका वेळी तीन पेपर छापले जात होते. एक दैनिक, एक कधी दैनिक कधी साप्ताहिक, एक नुसते साप्ताहिक. शिवाय लग्नपत्रिका आणि पतपेढीचे अहवाल. टाइप सगळ्यांना तोच. तुटलेली मात्रा तिन्ही पेपरांत असणार.

मग फाइली? तिन्ही पेपर बंद पडून जमाना झाला. मालकाच्या मुलांनी घर पुनर्विकासाला दिले तेव्हा फाइली रद्दीत गेल्या. खिळे त्याच्याही आधी गेले होते. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते. भंगारवाल्याने किलोवर घेतले. "केसा मात्र एका बाईने नेल्या," काका म्हणाले, "भिंतीवर लावायला. खणांत छोट्या छोट्या बाहुल्या ठेवतात म्हणे."

कायदा काय म्हणत होता तेही पाहून ठेवले. १८६७ चा मुद्रणालये आणि पुस्तके नोंदणी कायदा प्रत्येक अंकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालायला सांगत होता. म्हणूनच शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात ती ओळ असते: हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक प्रेसमध्ये छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. १९५४ च्या कायद्याने पुस्तकांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक झाले, १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रेही आली. कागदावर चांगली सोय आहे. पण गावातला चार पानी पेपर रोज मुंबईला अंक पाठवण्याचे टपाल भरतो आहे, आणि तिकडे तो कुणी बांधून ठेवतो आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर काही उभे राहिले नाही. गावाजवळची ग्रंथालये जुनी आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मी बऱ्याच ठिकाणी विचारले. मोठ्या पेपरांच्या फाइली लोक मागतात. चार पानी पेपराची मागणी मीच पहिली केली असावी, असे विचारताना समोरच्या चेहऱ्यांवर दिसायचे.

अंकाच्या तळाची ती ओळ मात्र मला फार उपयोगी पडली. त्या शोधात रद्दीवाल्यांकडून आणि ओळखीच्यांकडून जे सुटे जुने अंक हाती आले, त्यांच्यावरची ही ओळ मी वहीत उतरवून घेत गेलो. आधी लिहिलेले असे: कल्याण येथे छापून कल्याण येथे प्रसिद्ध केले. मग एका वर्षी पहिले कल्याण बदलते. त्या जागी नवी मुंबईतली एमआयडीसी येते, महापे किंवा रबाळे. दुसरे कल्याण तसेच राहते.

पेपर मरण्याआधी त्याची छपाई गाव सोडून गेली होती. ऑफसेट आले, खिळे गेले. पुण्याच्या सी-डॅकची आणि मॉड्युलरची मराठी सॉफ्टवेअरे आली, 'श्रीलिपी' हे नाव रिक्षावाल्यालाही कळू लागले. एका खोलीत दोन संगणक ठेवले की पेपराचे कार्यालय झाले. पाने तयार करायची, फिल्म किंवा सीडी घेऊन एक पोरगा रात्री लोकलने नाहीतर मोटरसायकलवरून जायचा, वेब ऑफसेटवर अर्ध्या तासात अंक निघायचे, पहाटे टेम्पोने परत. खर्च वाचला, छपाई सुबक झाली, रंग आले. उर्दूची गोष्टही फार वेगळी नाही. नस्तालिक खिळ्यांत कधी नीट बसली नाही, म्हणून उर्दू पेपर कातिबांच्या हातावर शिळाछापापासून ऑफसेटपर्यंत चालत आले. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांची नूरी नस्तालिक लाहोरच्या 'जंग'ने वापरली, १९९४ मध्ये दिल्लीचे 'इनपेज' आले, आणि कातिबांच्या पोटावर पाय आला. चेन्नईचे १९२७ पासूनचे 'मुसलमान' हाताने लिहून छापत राहिले म्हणून जगभर त्याच्यावर लेख आले. बाकीच्या कातिबांवर कुणी लिहिले नाही.

छपाई गेल्यावर गावात काय उरले नाही, ते कंपोझिटर काकांनी बोटांवर मोजून दाखवले. मशीनमन गेला, कागद कापणारा गेला, ब्लॉक पोहोचवणारा गेला, रात्रीचा चहावाला गेला. ही माणसे पेपराची बातमीदारही होती. कुठे आग लागली, कोण वारले, हे प्रेसवर आधी कळायचे. आमच्या समाजातले बरेच जण जिल्दसाजी आणि मशीनवर होते. मशीनमन मुसलमान असेल तर ईदच्या चाँदची बातमी आतल्या पानावर चुकत नसे. हे काकांचे निरीक्षण, माझे नाही.

एक गोष्ट मला फार लागली. संगणकावरचे ते अंक तरी टिकले असतील, अशी माझी समजूत होती. एका बंद पेपराच्या माजी उपसंपादकाने मला २००१-०२ च्या सीड्या दिल्या. शाळेच्या संगणकावर लावल्या. उघडल्या त्या नुसत्या खुणा: डॉलर, कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे. युनिकोडच्या आधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा संकेत वेगळा होता. तो फॉन्ट नसेल तर मजकूर कुणालाच वाचता येत नाही. १९७८ चे उलटे अक्षर मी वाचू शकत होतो. २००२ चे सरळ टाइप केलेले वाचता येत नव्हते. फॉन्ट मिळवून, परिवर्तक वापरून थोडे काढता येते, ते मी नंतर काढलेही. पण ती सीडी ज्याच्याकडे आहे त्याला हे काम करायची गरज कशी वाटावी?

ग्राहक कुठे गेले, याचे उत्तर ठाण्याच्या स्टेशनाबाहेर पहाटे अंक लावणारे विक्रेते एका वाक्यात देतात: पेपराच्या आत पेपर आला. 'लोकसत्ता'ने ठाण्याचा वृत्तान्त दिला, 'लोकमत'ने हॅलो ठाणे, 'मटा'ने ठाणे प्लस. मुंबईच्या पेपरात फुकट पुरवणी मिळत असेल तर चार पानांसाठी वेगळे पैसे कोण देईल? २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार भरली. एवढ्या माणसांच्या गावाला चार पाने हा मुळात न्याय नव्हताच. पण पुरवणीत आला तो ठाण्याचा बाजार: मॉल, क्लास, गृहसंकुले. बक्षीस समारंभ आला तरी पाहुण्यांचे नाव आले, मुलींची नावे जागेअभावी गेली. २०२० नंतर त्या पुरवण्यांचीही पाने घटली.

आणि तरी गावची काही दैनिके तग धरून आहेत, ती कशावर, हे सांगितले पाहिजे. नोटिसांवर. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद नामनिर्देशन न करता वारला, तर उपविधीनुसार संस्थेने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना द्यायची असते. फ्लॅटचा मूळ करार हरवला की वकील नोटीस देतो. सरकारच्या जाहिरात यादीवर पेपर अ, ब, क वर्गात असला की निविदा येतात. आणि चौथे गिऱ्हाईक आपण: 'नावात बदल'. शैखचा शेख, बीचा बेगम, बानूचा बानो. मोठ्या पेपराचा दर परवडत नाही, म्हणून झेरॉक्सवाला गावच्या पेपराचा फॉर्म देतो. गरज जाहिरातीच्या पुराव्याची असते, वाचकाची नसते. त्यामुळे अंकही तेवढेच निघतात. या धंद्यात त्याला 'फाइल कॉपी' म्हणतात. ज्या पेपरांनी आमची नावे चुकीची छापली, त्यांच्यापैकी जे जगले ते आता आमच्या नावांच्या दुरुस्त्यांवर जगतात. यात कुणाला दोष द्यावा, मला ठरवता आलेले नाही.

मार्च २०२० मध्ये सगळेच थांबले. मुंबई-ठाण्यात पेपर वाटप बंद झाले. १८ एप्रिलला राज्य सरकारने छपाईला मोकळीक दिली पण घरोघर टाकायला मनाई केली. जूनमध्ये ती उठली. तोवर गावच्या पेपरांनी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर सोडायला सुरुवात केली होती आणि पुष्कळांना उमगले होते की कागदाशिवायही दिवस निघतो. त्याआधीच्या वर्षी, २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर दहा टक्के शुल्क बसले होते, पुढच्या वर्षी ते पाच टक्के झाले. पण लहान पेपराला कागद आधीच जड झाला होता. १८६७ चा कायदाही आता नाही. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, नोंदणी ऑनलाइन झाली.

खालांचे काम लॉकडाऊनमध्ये राहून गेले. मधल्या काळात कंपोझिटर काका वारले. त्यांची बातमी मी कुठे पाहिली नाही, जिल्दसाजांनी फोनवर सांगितली.

२०२१ च्या अखेरीस खाला पुन्हा आल्या. एनआरसीची धास्ती तेवढी उरली नव्हती, पण बँकेच्या खात्यात आणि आधारकार्डात नाव जुळत नव्हते, म्हणून वकिलाने प्रतिज्ञापत्र आणि पेपरात जाहिरात सांगितली होती. कात्रण कुठल्या पेपराचे ते मला सांगता आले नाही. प्रेस सापडला, म्हटले. ऑक्टोबर १९७८ च्या आधीचे नाही, म्हटले. उलटे अक्षर कसे पडले असेल तेही सांगितले, ताटावर दाखवले होते तसे टेबलावर दाखवले. त्यांनी ते सगळे मन लावून ऐकले. "म्हणजे कुणीतरी रात्री जागून माझं नाव लावलं होतं," त्या म्हणाल्या, आणि कात्रण परत निकाहनाम्यात ठेवले.

जाहिरातीचा मजकूर मी लिहून दिला. तीन ओळी. अक्षरे दोनदा तपासली. आठवड्याने जाहिरात छापून आली तेव्हा पेपर कुठल्याच स्टॉलवर मिळाला नाही. झेरॉक्सवाल्याकडे त्यांच्या नावाने दोन अंक ठेवलेले होते. खाला ते घेऊन शाळेत आल्या. एक वकिलाला द्यायचा होता. दुसऱ्याला त्यांनी टेबलावर पसरले आणि शिपायाकडे कात्री मागितली.

मी म्हटले, खाला, कापू नका. अख्खे पान ठेवा. वर पेपराचे नाव आहे, तारीख आहे, आणि हे बघा, इथे खाली, बारीक अक्षरांत, कुठे छापले ते आहे. त्यांना ती ओळ चष्म्यातूनही वाचता येईना. मी वाचून दाखवली. कल्याणचे नाव एकदाच आले. पान आम्ही चार घड्या करून दुमडले, पण डब्यात मावले नाही. मग मोठा डबा आणायचा असे ठरले आणि तोवर ते माझ्या कपाटात राहिले, वरच्या खणात.